स्टेजवरची जादू शिकायची आहे? आपल्याकडच्या लोकांचे नेहमीचे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याच्या बाजूचा. वावर आहे, कापूस-तूर आहे, अन् चौदा वर्षांपासून गणपती, तान्हा पोळा, शाळा, नामकरण असे जादूचे शो करून राहिलो. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, कधी मी फवारणीत असतो, कधी ट्रॅक्टरवर, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. मोठमोठ्या ट्रिकांची सिक्रेटं इथं नाहीत, त्यासाठी आला असाल तर चहा घ्या अन् जा.

वय ३४ झालं, आता जमते का?

जमते. मी स्वतः २७ व्या वर्षी सुरू केलं. हात लवचिक पाहिजे वगैरे लोक म्हणतात पण निंबाची काडी मोडता येते एवढा हात चालत असेल तर पुरे, बाकी सवयीचं काम आहे. फ्रान्सचा रॉबेर-हूदँ, ज्याला आजच्या जादूचा बाप म्हणतात, तो मुळात घड्याळवाला होता अन् पॅरिसला स्वतःचं थिएटर काढलं तेव्हा चाळिशीला आला होता.

पहिली ट्रिक कोणती शिकू? पत्त्यांपासून सुरू करू का?

पत्ते घरात ठीक. सप्त्याच्या मंडपात तिसऱ्या ओळीपासून पुढं बदामची सत्ती अन् चौकटची सत्ती सारखीच दिसते, अन् दहाव्या ओळीतल्या म्हाताऱ्याला तर तुमच्या हातात पत्ता आहे का विडी हेच कळत नाही. म्हणून आपल्याकडं पहिले दोर, रुमाल अन् नाणं. दोर कापून जोडायची ट्रिक सगळ्यात कामाची, कारण दोर लांबून दिसते, वाऱ्यानं उडत नाही, अन् आपल्या लोकांचा दोराशी रोजचा संबंध आहे. नायलॉनची घेऊ नका, कात्रीत घसरते अन् टोकं पिंजतात. सुती घ्या, जाडसर, पांढरी. आत जर सुताचा गाभा असला तर तो ओढून काढून टाका, दोर मऊ पडते अन् हातात वळते. मी शोमधे कधी कधी समोरच्या एखाद्या कास्तकाराला विचारतो, कासरा आणला का भाऊ? तो खरंच आणून देतो अन् मग ज्या नजरेनं माझ्या कात्रीकडं पाहतो ती नजर विकत मिळत नाही. (त्याचा कासरा कापत नाही, घाबरू नका. आधी विचारतो, मग म्हणतो राहू दे, बैल घरी कसा नेशील.)

तीन ट्रिका शिका. तीनच. वर्षभर.

सामान कुठून घेऊ, खर्च किती?

मुंबई-कोलकात्यात जादूच्या सामानाची दुकानं आहेत, ऑनलाइन पण सगळं मिळते. पण तीस ट्रिकांचा डब्बा घेऊ नका. मी घेतला होता, त्यातल्या अठ्ठावीस ट्रिका आज माझ्या भाच्याच्या खेळण्यात आहेत. सुरुवातीला सुती दोर, चांगली कात्री, दोन-तीन अस्सल पातळ रेशमी रुमाल अन् जुनी एक रुपयाची मोठी नाणी, एवढ्यात काम भागते. रुमालात पैसे वाचवू नका. सिंथेटिक ओढणी कापून रुमाल केले की मुठीत दाबले तरी ते फुगून बाहेर येतात, रेशीम दाबलं की दबूनच राहते.

अन् एक वस्तू आहे, तिचं नाव घेत नाही, ज्याच्याकडं आहे त्याला समजलं. ती बहुतेक वेळा गोऱ्या माणसाच्या कातडीच्या रंगात येते. आपला हात उन्हानं करपलेला अन् तिचा रंग गुलाबी गुलाबी. मेकअपच्या सामानातून आपल्या रंगाचं फाउंडेशन घेऊन चढवा, वरून थोडी पावडर, अन् हात एका जागी स्थिर ठेवू नका.

रोज किती प्रॅक्टिस? आरशासमोर करू का?

अर्धा तास. पण पहिली दहा मिनिटं काहीच ट्रिक करायची नाही, हे कोणी ऐकत नाही म्हणून परत लिहितो, काहीच ट्रिक करायची नाही. नाणं उजव्या हातातून डाव्या हातात खरंखुरं द्यायचं. पन्नास वेळा. अन् पाहायचं की खरं देताना आपण कसे दिसतो, बोटं कशी मिटतात, डोळे कुठं जातात, खांदा हलते का, नाणं गेल्यावर उजवा हात कसा सैल पडते. आता खोटं द्यायचं, म्हणजे नाणं उजव्यातच ठेवायचं, अन् ते खऱ्यासारखं दिसायला पाहिजे. बहुतेक पोट्टे थेट खोटंच शिकतात, खरं कसं दिसते हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसते, मग त्यांचं खोटं कोणासारखं दिसणार?

आरसा ठीक आहे, पण त्यात एक घोळ आहे. ज्या क्षणी आपण लपवायचं काम करतो त्या क्षणी डोळे मिटतात. आपोआप. अन् डोळे मिटले म्हणजे आरशात ती चूक दिसतच नाही, तुम्ही स्वतःलाच फसवता. मला हे दोन वर्षांनी कळलं, बायकोनं मोबाईलवर शूटिंग केली तेव्हा, प्रत्येक वेळी ऐन टायमावर मी डोळा मारल्यासारखा करायचो. म्हणून मोबाईल लावा. एकदा समोर, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, अन् एकदा जमिनीवर ठेवून वर तोंड करून, कारण आपल्याकडं पोट्टे सतरंजीवर बसतात, स्टेजला नाक लावून, अन् त्यांना तुमच्या तळहाताखालचं सगळं दिसते.

उरलेली वीस मिनिटं पूर्ण आयटम, बोलत बोलत, न थांबता. नाणं पडलं तरी थांबायचं नाही, उचलायचं अन् पुढं जायचं, कारण पडल्यावर काय करायचं हे पण शिकायचं आहे ना. मी गोठ्यात करायचो, म्हशीसमोर. म्हैस चांगली प्रेक्षक, नजर काढत नाही अन् टाळ्याही वाजवत नाही, डोकं ठिकाणावर राहते.

कापूस वेचून हात खरबरीत झाले, रेशीम अडकते. काय करू?

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या पुस्तकात सापडत नाही. वेचणीच्या दिवसात बोंडाच्या टोकांनी बोटं अशी होतात की रुमाल हातातून सुटतच नाही, चर्र आवाज येते. रात्री खोबरेल तेल नाहीतर व्हॅसलिन, सुती मोजे घालून झोपा, नखाजवळची निघालेली कातडी नेलकटरनं काढा, ओढू नका. पण शोच्या दिवशी दुपारनंतर तेल बंद, नाहीतर नाणं घसरते. उन्हाळ्यात उलटं, मे महिन्यात आपल्याकडं ४५ च्या वर पारा जाते, तळहाताला घाम, नाणं एक तर चिकटते नाहीतर निसटते. खिशात सुती रुमाल ठेवा, साधा, अन् तो पुसायला वापरता आहात हे लोकांना दिसू द्या, त्यात लपवायसारखं काही नाही.

हात साफ चालतो तरी लोक पकडतात, काऊन?

कारण तुम्ही स्वतः त्या हाताकडं पाहता. माणूस तिथं पाहतो जिथं समोरचा पाहून राहिला. रिकाम्या मुठीत नाणं आहे असं दाखवायचं असेल तर तुमचे स्वतःचे डोळे त्या मुठीवर पाहिजे, जणू आत खरंच नाणं आहे, अन् ज्या हातात नाणं लपलेलं आहे तो विसरायचा. विसरायचाच. त्याला आखडून धरलं की मेलात.

दुसरं म्हणजे वेळ. गंमत झाली, लोक हसले, त्या हसण्यात अर्धं मिनिट कोणी काही पाहत नसते. काम तेव्हा उरका. अन् पुढं काय होणार हे आधी सांगू नका, "आता हे नाणं गायब होईल" म्हटलं की दोनशे डोळे पहारेकरी झाले.

बोलायचं काय? मला हिंदी-इंग्रजीत जमत नाही

मग बोलूच नका हिंदीत. टीव्हीवरचं "देवियो और सज्जनो" घाटंजीच्या बाजारात म्हटलं तर लोक तुमच्याकडं असे पाहतात जसं पाव्हण्याकडं पाहतात. पुण्याचे जादूगार रघुवीर, मराठीतलं जादूचं सगळ्यात मोठं नाव, ते मराठीतच बोलून हाऊसफुल करायचे. आपण तर वऱ्हाडी, आपल्या बोलीत टोमणा फुकट मिळते. मी दोर कापतो तेव्हा म्हणतो, "ह्या दोन भावाईचं वावर. वाटणी झाली, कोर्टात गेले. आता वकील मधात आला, मंग काय उरलं?" अन् दोर आखूड आखूड होत जाते. शेवटी जोडली की म्हणतो, "माय जिवंत होती मनून." सासू-सुना सगळ्या हसतात, अन् काही काही हसत नाहीत, त्यांच्या घरी खटला चालू असते.

गोष्ट पाहिजे. नुसतं "हे पहा, हे पहा" नको.

स्टेज कसं असते? चारी बाजूनं लोक असले तर?

शहरातल्या माणसाला समोर पडदा, मागं भिंत अन् प्रेक्षक फक्त पुढं मिळतात. आपल्याकडं स्टेज म्हणजे दोन ट्रॅक्टर ट्रॉल्या नाहीतर ग्रामपंचायतीचा ओटा, मागं समाजभवनाची भिंत, त्या भिंतीवर पोट्टे, बाजूच्या निंबावर पोट्टे, अन् डावीकडं आयोजकांच्या खुर्च्या तुमच्या कोपराला लागून. मी तिसऱ्याच शोत हे शिकलो. अंडं गायब करायचा आयटम, समोर सगळे तोंड उघडून, अन् मागून भिंतीवरून आवाज, "काका, थे मांगं हाय! खिशात हाय!" पुढं मी काय बोललो ते आठवत नाही, अंडं खिशातच फुटलं हे आठवते.

तेव्हापासून माझे नियम साधे आहेत. दुपारी जाऊन जागा पाहतो, स्वतः प्रत्येक कोपऱ्यात बसून पाहतो, जमिनीवर पण बसतो. मागं काहीतरी लावायला सांगतो, ताडपत्री, बॅनर, साडी, काहीही चालते. नाहीच लावलं तर मागून दिसणारे आयटम बाहेर अन् दोर, कप अन् गोट्या, एकमेकीत अडकणाऱ्या कड्या एवढंच करतो. कोणती ट्रिक कोणत्या बाजूनं दिसते हे प्रत्येकीचं वहीत लिहून ठेवा, चित्र काढा. ट्रिक कितीही भारी असो, जागा नाही म्हणते तर नाही.

लाईट, माईक, वारा?

माईक हातात धरायचा नाही, दोन्ही हात लागतात. स्टँड मागा, नाहीतर गळ्यात तारेचं वळण करून अडकवा, हे मोबाईल स्टँडवाल्या दुकानातच तयार मिळते. डीजेवाल्याला आधी चहा पाजा, सगळं त्याच्या हातात असते. हॅलोजन कधीच पाठीमागं नको, मागून उजेड आला की बारीकसारीक सगळं चमकते. गणपतीत पाखरं येतात, हॅलोजनवर ढगच्या ढग, एकदा बोलता बोलता तोंडात गेलं. उजेडाचा खांब स्टेजपासून थोडा दूर अन् बाजूला ठेवला तर पाखरं तिकडं राहतात. लाईन गेली तर? जाणारच. जनरेटर सुरू होईपर्यंत दोन-तीन मिनिटं बोलता आलं पाहिजे, मी त्यासाठी दोन कोडी पाठ ठेवले आहेत.

ट्रिक फसली तर?

लोकांना काय होणार होतं हे माहीतच नसते, त्यामुळं अर्ध्या वेळा ते फसलं हे फक्त तुम्हालाच कळते. तोंड पाडू नका, पुढं चला. नाणं दिसलंच तर हसून दाखवा अन् पुढची ट्रिक पक्की करा.

एखादा ओरडते, "मले मालूम हाय, तोंडात हाय"!

तो असतेच, प्रत्येक गावात एक. त्याचा अपमान करायचा नाही, तो त्या गावचा आहे अन् तुम्ही रात्री निघून जाणार आहात. मी त्यालाच वर बोलावतो, त्याच्या हातात दोराचं टोक देतो, मग तो माझा माणूस होते. फक्त पिऊन असेल तर बोलावू नका. बायांना वर यायचा आग्रह करू नका, हात वर केला तरच, अन् लहान पोरीला बोलावलं तर तिच्या आईकडं पाहून. कोणाच्या अंगाला हात न लावता जे करता येते तेच करा.

लोक म्हणतात हा करणी करते, जादूटोणा करते. कायद्यात अडकू का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येते, म्हणून जरा लांब लिहितो. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर काही दिवसातच वटहुकूम निघाला अन् डिसेंबरात विधिमंडळात कायदा मंजूर झाला. त्यात तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, लोकांना फसवणं, दहशत बसवणं हा गुन्हा आहे. करमणूक म्हणून, हातचलाखी आहे असं सांगून केलेला खेळ म्हणजे ते नाही. फरक दाव्याचा आहे. हवेतून अंगारा काढणारा बाबा अन् हवेतून नाणं काढणारा मी, हात दोघांचे तेच करतात, पण मी सुरुवातीलाच माईकवर सांगतो, "माया अंगात काई नाई, हातात हाय, अन् थे पण शिकलेलं हाय."

हे वाक्य बोलल्यानं मजा कमी होईल असं वाटते ना? होत नाही, उलट लोक मोकळेपणानं पाहतात. नाहीतर शो संपल्यावर मागच्या दारानं येतात. माझ्याकडं एक माय आली होती, पोराचा फोटो घेऊन, तीन वर्षांपासून घरी आला नाही म्हणे, तुमी पाहून सांगता का कुठं हाय. त्या रात्री मला झोप नाही लागली. सर्दी-ताप, हरवलेलं जनावर, गुप्तधन, यातलं काहीही कोणी विचारलं तर सरळ नाही म्हणा, गमतीत पण हो म्हणू नका. अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते शाळेत चमत्काराचे प्रयोग करून त्यामागचं कारण सांगतात, नागपूरकडं श्याम मानवांच्या समितीचं काम १९८२ पासून आहे, त्यांचा कार्यक्रम जवळपास असला तर जाऊन बसा, लोकांशी कसं बोलायचं हे तिथं चांगलं शिकायला मिळते.

अन् लिंबू, हळद-कुंकू, कवटी, काळी बाहुली हे स्टेजवर आणू नका. भारी दिसते, मान्य, पण उद्या सकाळी गावात कोणाची म्हैस मेली तर नाव तुमचं येईल.

साप, पोपट, कबूतर, ससा वापरू का?

साप अन् आपले पोपट नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, पकडणं-पाळणंच बंद. बाकी जनावर खेळात वापरायचं तर नोंदणी लागते. मी स्पंजचा ससा वापरतो, त्याला चारा लागत नाही.

बाईला करवतीनं कापायचं, आग, पाण्याच्या पेटीतून सुटायचं, असं मोठं कधी?

कापायचा आयटम लंडनला १९२१ मधे पी. टी. सेल्बिटनं लोकांसमोर आणला, अन् आपले बंगालचे जादूगार पी. सी. सरकार यांनी १९५६ मधे बीबीसीवर केला तेव्हा कार्यक्रम अचानक संपला अन् पोरगी खरंच मेली समजून लोकांनी फोन करकरून हैराण केलं. ऐकायला मजा येते. पण त्यामागं पेटीचा खर्च, शिकलेली माणसं, गाडी, अन् कमीत कमी बंद थिएटर लागते. ओट्यावर होत नाही.

आग-पाणी-बंदूक तर नाहीच. चुंग लिंग सू नावानं खेळ करणारा जादूगार १९१८ मधे लंडनच्या स्टेजवर गोळी पकडायच्या खेळात खरी गोळी लागून गेला. जून २०१९ मधे कोलकात्याचा जादूगार मँड्रेक, चंचल लाहिरी, हातपाय बांधून हुगळी नदीत उतरला अन् बुडाला. हे दोघं वर्षानुवर्षं खेळ करणारे होते. आपल्या गावात सगळ्यात जवळचा दवाखाना किती किलोमीटर आहे ते मोजा अन् मग ठरवा.

हवेत उभी राहणारी दोरी, त्यावर चढणारं पोर, ते खरं होतं ना?

१८९० मधे शिकागोच्या एका पेपरनं छापलं, जगभर गाजलं, अन् चार महिन्यांनी त्याच पेपरनं कबूल केलं की गोष्ट बनवलेली होती. आपल्या मदाऱ्यांची टोपलीची अन् आंब्याच्या रोपाची जादू मात्र खरी, म्हणजे खरी जादू नाही, खरा खेळ. मोकळ्या रस्त्यावर, चारी बाजूनं माणसं, ना पडदा ना लाईट. मला विचाराल तर तेच आपले गुरू.

शो कुठं मिळतात, पैसे किती घ्यायचे?

पहिल्या शोला मला ५०१ रुपये अन् नारळ मिळाला, नारळ परत मागितला कारण दुसऱ्या पाहुण्याला द्यायचा होता. गणेश मंडळं, दुर्गा मंडळं, तान्हा पोळा (लाकडी बैल घेऊन पोट्टे आधीच जमलेले असतात), शाळेचं स्नेहसंमेलन. चांदूरबाजार तालुक्यात बहिरमची यात्रा डिसेंबर-जानेवारीत महिनाभर चालते, पण तिथं रोडगे-हंडीच्या वासासमोर तुम्ही उभे आहात हे लक्षात ठेवा, दहा मिनिटांचे तुकडे करा. भंडारा-गोंदियाकडं दिवाळीनंतर मंडई (म्हणजे गावची जत्रा, भाजीबाजार नाही) भरते, रात्रभर झाडीपट्टीचं नाटक, तिकडं नाटकाआधी वीस मिनिटं मिळाली तर सोडू नका, त्या लोकांना रात्रभर बसायची सवय आहे, असा प्रेक्षक कुठं नाही. गाडीचं पेट्रोल वेगळं धरा अन् अर्धे पैसे आधी घ्या, कारण विसर्जनाच्या दिवशी खजिनदार सापडत नाही.

मित्राला सिक्रेट सांगू का?

नाही.

पहिला शो कधी करू?

तीन ट्रिका, पंधरा मिनिटं, बोलणं पाठ, मोबाईलमधे चारी बाजूनं पाहून झालं अन् घरातल्यांना कंटाळा आला, की करा. जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडसरांना भेटा, फुकट करतो म्हणा. पहिली ट्रिक झटपट, बोलायच्या आधीच काहीतरी दिसलं पाहिजे, मधात पोरांना वर बोलवा, सगळ्यात पक्की ट्रिक शेवटी. चौथीच्या वर्गाला घ्या, पहिलीच्या पोरांना नाणं गायब झालं याचं काही वाटत नाही, त्यांच्या घरी रोजच होते. अन् वेळ सकाळची मागा, खिचडीनंतरची नको, अर्धे पेंगतात.